पडलेल्या विमानाचा ताळेबंद

मार्चअखेर आटोपली, लेखापरीक्षकही येऊन गेले आणि जून २०२३ मधील पहिल्याच रविवारी सकाळी मी माझ्या काकांचे विमान जमिनीवर आपटले. विमान खेळण्यातले म्हणावे तर तसे नव्हे. दोन्ही पंखांचे टोकापासून टोकापर्यंतचे अंतर १४२ सेंटिमीटर, वजन १ किलो ७०० ग्रॅम आणि जमिनीवरून रेडिओद्वारे चालविता येणारे ते शिकाऊ पद्धतीचे प्रतिरूप विमान काकांनी १९९४ साली स्वतःच्या हातांनी बांधले होते. पादऱ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या एका मोकळ्या शेतात ते पडले. आवाज फारसा झाला नाही. अंगणात कोणीतरी करंडी टाकावी, एवढाच.

काका वडोदऱ्यात रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन त्यांना आता बरीच वर्षे झाली. माझी बदली या गावी झाली तेव्हा कारेलीबागेतील त्यांच्या माळ्यावर कापडात गुंडाळलेले हे विमान मला दिसले. उडविणे त्यांनी केव्हाच सोडून दिले होते. हात कापू लागल्यामुळे चहाचा कपसुद्धा ते दोन्ही हातांनी धरतात. "घेऊन जा. माळ्यावर उंदीर फार झालेत," एवढेच ते म्हणाले आणि विमान माझ्या स्वाधीन झाले.

रेडिओने वस्तू दुरून चालविण्याची कल्पना तशी जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे पाण्याच्या टाकीत एक छोटी नाव अशा रीतीने चालवून दाखविली होती. विमानाच्या बाबतीत अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांचे नाव घेतले जाते. त्यांनी १९३७ साली रेडिओने उडविलेले 'गफ' हे विमान पुढे स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात दाखल झाले. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकविले जाते आणि अनेकांची या छंदाशी पहिली ओळख तेथेच होते. काकांची ओळख मात्र कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने आणलेल्या जुन्या नकाशावरून झाली. तो नकाशा, तांबड्या पेन्सिलीच्या खुणांसह, त्यांनी आजवर जपून ठेवला आहे.

विमानाचे जुने इंजिन चार घन सेंटिमीटरचे, मिथेनॉल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणारे होते. ते गंजून जाम झाले होते. मी त्या जागी विजेची ब्रशलेस मोटर आणि तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी बसविली. जुना रेडिओ बाजूला ठेवून २.४ गिगाहर्ट्झचा नवा ट्रान्समीटर आणि रिसीव्हर घेतला. पूर्वी एकाच मैदानावर दोघांची कंपनसंख्या एक झाली, तर एकाचे विमान हमखास पडत असे. नव्या पद्धतीत ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची जोडी आधी एकमेकांशी बांधली जाते आणि लहरी सतत जागा बदलत राहतात. त्यामुळे ती भीती जवळजवळ उरलेली नाही. हे सारे मला ठाऊक होते आणि तरीही त्या रविवारी माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे : "काका, रेडिओने दगा दिला."

प्रत्यक्षात काय घडले ते सांगतो. विमान धावले, उचलले आणि उचलताक्षणी त्याचे नाक वर जाऊ लागले. मी कांडी पुढे ढकलली, तेव्हा ते खाली झुकले. सोडली, तेव्हा पुन्हा अधिकच वर गेले. तीन वेळा असे झाल्यावर वीसेक मीटर उंचीवर ते हवेत जणू थबकले, डावा पंख खाली पडला आणि गिरकी घेत ते ढेकळांवर आदळले. काका शेताच्या बांधावर खुर्ची टाकून बसले होते. ते उठले नाहीत. "सगळे तुकडे गोळा कर. भुस्सासुद्धा सोडू नकोस," असे त्यांनी बसल्या जागेवरून सांगितले.

या सूचनेचे मोल मला पुढे कळले. मोडलेले बाल्सा लाकूड दातेरी मोडते आणि ते दाते पुन्हा एकमेकांत अचूक बसतात. तुकडा हरवला, तर तेथे अंदाजाने भर घालावी लागते आणि अंदाज हा विमानाचा शत्रू आहे. मी उशीच्या अभ्र्यात तुकडे भरले. बॅटरी मात्र वेगळी ठेवावी लागते. मार लागलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी वरून धड दिसली, तरी आतल्या आत तिचे थर एकमेकांना टेकून काही तासांनीही पेट घेऊ शकते. आम्ही ती घराबाहेर वाळूने भरलेल्या कुंडीत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पापडासारखी फुगली होती. यथावकाश ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे गेली. आमच्या सौभाग्यवतींनी त्या कुंडीत पुन्हा तुळस लावण्यास ठाम नकार दिला, हे ओघाने आलेच.

नुकसानीची मोजदाद केली. मोटरीमागची प्लायवुडची भिंत उखडली होती. नाकाकडील दोन्ही बाजू चिरफाळल्या होत्या. डाव्या पंखाच्या पहिल्या तीन बरगड्या चुरडल्या होत्या आणि स्पार, म्हणजे पंखाचा कणा, वरचा व खालचा दोन्ही मोडले होते. पंखा तुटला होता, चाकांची तार वाकली होती. शेपूट मात्र शाबूत होती. इतकी मोडतोड झाल्यावर नवे विमान विकत आणणे स्वस्त पडले असते, हे मी लपवीत नाही. हल्ली थर्मोकोलसारख्या फोमची तयार विमाने मिळतात. ती पडली, तर चिकटवून पुन्हा अर्ध्या तासात उडविता येतात. पण काकांचे विमान मी पाडले होते. त्याचा हिशेब नव्या खरेदीने मिटणारा नव्हता.

बाल्साविषयी थोडे सांगावयास हवे. हे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील असून त्याचे लाकूड प्रामुख्याने इक्वेडोरमधून येते. स्पॅनिश भाषेत बाल्सा म्हणजे तराफा. १९४७ साली थॉर हायरडाल यांनी ज्या कॉन-टिकी तराफ्यावरून प्रशांत महासागर ओलांडला, त्याचे ओंडके याच लाकडाचे होते. दुसऱ्या महायुद्धातील मॉस्किटो या विमानाचा सांगाडाही प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून केलेला होता. एका घनमीटर बाल्साचे वजन साधारणतः १०० ते २५० किलोग्रॅम भरते. म्हणजे एकाच दुकानातील, एकाच मापाच्या दोन पट्ट्यांत दुपटीचा फरक असू शकतो. काका पट्टी हातात घेऊन नुसत्या तोलावर ती कोठे वापरावयाची ते सांगत. जड पट्टी कण्याला, हलकी शेपटीला. मी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर पडताळा घेत असे. काकांचा अंदाज क्वचितच चुकला.

पावसाळा लागला आणि शनिवार-रविवारी आमचे काम सुरू झाले. पंख बांधावयास पूर्णपणे सपाट पाट लागतो. घरात तशी एकच वस्तू होती, ती म्हणजे कॅरम बोर्ड. एका बाजूचा पंख ७१ सेंटिमीटर लांब, तो त्यावर अगदी नेमका मावला. खाली नकाशा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक, त्यावर पंख आणि वर दाब म्हणून काकूंच्या तराजूची पितळी वजने, अशी मांडणी झाली.

मोडलेला कणा नुसता टोकाला टोक लावून चिकटविला, तर पहिल्याच वळणावर सुटतो. त्यासाठी दोन्ही टोके तिरकी तासून एकमेकांवर बसवावी लागतात आणि या तिरक्या सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या दहा-बारा पट असावी लागते. सहा मिलिमीटरच्या पट्टीला सहा-सात सेंटिमीटरचा सांधा. शिवाय वरच्या आणि खालच्या कण्याचे सांधे एकाखाली एक येऊ द्यावयाचे नाहीत. बरगड्यांसाठी प्लायचा एक साचा कापून घेतला आणि त्यावरून तीन नव्या बरगड्या काढल्या. येथे पांढरा फेव्हिकॉल पुरतो. झटपट चिकटणारा गोंद मोहात पाडतो, पण एकदा वाकडे चिकटले की दुरुस्तीला वाव राहत नाही. मोटरीची भिंत मात्र इपॉक्सीनेच बसवावयाची, आणि तीही सावकाश सुकणाऱ्या.

काकांचा हात पात्यावर स्थिर राहत नसे. म्हणून कापणे माझ्याकडे आणि पाहणे त्यांच्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली. ते भिंग घेऊन खुर्चीत बसत, मी कापलेला तुकडा उजेडात धरीत आणि बहुतेक वेळा परत करीत.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात मी रिसीव्हर पुन्हा जोडून पाहिला. तो ठणठणीत होता. सर्व्हो सुरळीत फिरत होते. दरम्यान मी विक्रेत्याला फोन करून रेडिओ सदोष असल्याचे सांगितले होते आणि त्या सज्जन माणसाने कसलीही खळखळ न करता दुसरा रिसीव्हर विनामूल्य पाठविला होता. तो तसाच खोक्यात पडला होता. मग रेडिओ नाही, तर काय? मी नकाशा समोर घेतला आणि हिशेब मांडला.

विमानाचा तोल एका ठरावीक बिंदूवर साधावा लागतो. आमच्या विमानाच्या पंखाची रुंदी २३ सेंटिमीटर. नकाशावर तांबड्या पेन्सिलीने तोलबिंदू दाखविला होता तो पुढच्या कडेपासून साडेसहा सेंटिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या २८ टक्क्यांवर. या बिंदूच्या पुढील प्रत्येक वस्तूचे वजन गुणिले अंतर आणि मागील प्रत्येक वस्तूचे वजन गुणिले अंतर या दोन बाजू सारख्या याव्या लागतात. जमाखर्चाहून यात वेगळे काही नाही. जुने इंजिन सायलेन्सरसह २८० ग्रॅमचे होते, माझी मोटर १२० ग्रॅमची. तोलबिंदूच्या २२ सेंटिमीटर पुढे १६० ग्रॅम कमी झाले. गुणाकार ३,५२०. रिसीव्हरसाठी पूर्वी ९५ ग्रॅमची वेगळी बॅटरी १६ सेंटिमीटर पुढे होती, ती मी अनावश्यक म्हणून काढून टाकली होती. गुणाकार १,५२०. एकूण ५,०४० इतकी रक्कम पुढच्या बाजूने नाहीशी झाली होती. आणि नवी १८० ग्रॅमची बॅटरी मी, झाकण उघडावयास सोपे म्हणून, पंखाखाली थेट तोलबिंदूच्या जागी ठेवली होती. तिथे तिचा तोलाला काडीचाही उपयोग नव्हता. ५,०४० भागिले १,७०० ग्रॅम. तोलबिंदू जवळजवळ तीन सेंटिमीटर मागे सरकला होता.

तोल मागे गेला की विमान नाक वर काढते. मग वारा पंखाला अधिकाधिक तिरपा लागू लागतो आणि तो कोन साधारण पंधरा अंशांच्या पलीकडे गेला की पंखावरून वाहणारी हवा त्याला सोडून देते. यालाच स्टॉल म्हणतात. त्या सकाळी मी जे पाहिले ते नेमके हेच होते. उड्डाणापूर्वी दोन बोटांवर विमान तोलून पाहावयास अर्धा मिनिट पुरे होता. मी ते केले नाही. काकांनी १९९४ साली साधलेला तोल मी तसाच गृहीत धरला. मागील शिल्लक न तपासता पुढे ओढली. शाखेत एखाद्या नवशिक्याने असे केले असते, तर मी त्याला काय ऐकविले असते, ते येथे लिहीत नाही.

कागदाची घडी करून मी ती खिशात ठेवली आणि काकांना काही बोललो नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. आपण होऊन सांगण्याचा योग जुळत नव्हता, असे मी स्वतःला सांगत राहिलो.

आषाढातल्या एका दुपारी मी पोहोचलो, तेव्हा काका एकटेच टेबलाशी बसले होते. शाबूत असलेली शेपूट त्यांनी समोर घेतली होती आणि एलिव्हेटरला जाणाऱ्या तारेचा डाग ते भिंगातून न्याहाळत होते. भिंग हातात हलत होते म्हणून त्यांनी ते पुस्तकांच्या दोन चळतींवर टेकविले होते. मी काय पाहता म्हणून विचारले.

"हा डाग माझाच आहे," ते म्हणाले. "एकोणतीस वर्षे झाली. आतून सुटला असेल. वरून कळत नाही."

"काका, रेडिओ—"

"रेडिओचे तू म्हणतोस. पण नाक वर गेले ना? नाक एलिव्हेटरने जाते. मी पहिल्या दिवसापासून हेच शोधतो आहे. गोंद पाहिला, बिजागऱ्या पाहिल्या. हा डाग तेवढा राहिला होता."

म्हणजे मी खिशात कागद घेऊन हिंडत होतो, तेवढे दिवस हा माणूस आपल्या हाताची चूक शोधीत बसला होता. मी घडी उलगडून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी आकडे वाचले. रागावले नाहीत आणि दिलासाही दिला नाही. कोरा कागद मागून घेतला आणि सगळा हिशेब पहिल्यापासून, आपल्या हलत्या अक्षरात, पुन्हा मांडला. त्यास पाऊण तास लागला. उत्तर तेच आले.

"तीन सेंटिमीटर," ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "त्या दुकानदाराचे पैसे पाठवलेस?"

मी दुसऱ्या दिवशी रिसीव्हर परत केला, पाठवणीचा खर्च दिला आणि फोनवर खरे कारण सांगितले. विक्रेता हसला. पडलेल्या विमानांपैकी बहुतेकांचा रेडिओच बिघडलेला असतो, असे तो म्हणाला.

नाक नाही तरी नव्यानेच बांधावयाचे होते. काकांनी ते तीन सेंटिमीटर लांब करावयास लावले. त्यामुळे मोटर पुढे गेली आणि ३६० मिळाले. जुन्या इंधनटाकीची जागा रिकामी होती. तेथे, तोलबिंदूच्या १९ सेंटिमीटर पुढे, बॅटरी ठेवली, तिचे ३,४२० झाले. उरलेल्या रकमेसाठी ५० ग्रॅम शिसे नाकात, २५ सेंटिमीटरवर : १,२५०. एकूण ५,०३०. दहाचा फरक कोठे गेला, असे काकांनी विचारले तेव्हा मी बँकेत आहे की ते, असा मला क्षणभर संभ्रम पडला. पुढे दुरुस्तीचे लाकूड आणि इपॉक्सी नाकातच अधिक पडल्यामुळे त्या शिशातलेही थोडे काढून टाकावे लागले. कागदावरचा हिशेब दिशा दाखवितो, पण अखेरचा शब्द दोन बोटांवरच्या तोलाचाच असतो.

पंखावर आवरण चढविण्याचे काम दसऱ्यापर्यंत थांबले. इस्त्रीने चिकटणारी प्लॅस्टिकची फिल्म हल्ली सर्वजण वापरतात आणि तिला ऋतूचे बंधन नाही. परंतु उजव्या पंखावर काकांचे मूळचे रेशीम होते. रेशमावर डोप, म्हणजे सेल्युलोजचे पातळ रोगण, चढविले की कापड ताणले जाते आणि पंखाला पीळ सोसण्याची ताकद येते. एका पंखावर रेशीम आणि दुसऱ्यावर फिल्म असती, तर दोहोंचा ताठपणा निराळा झाला असता. म्हणून मांडवीच्या कापडबाजारातून पातळ रेशीम आणले. डोप मात्र दमट हवेत लावता येत नाही. त्यातील द्रावक झपाट्याने उडून जातो, पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर धरते आणि पांढुरके डाग उमटतात. ऑक्टोबरअखेर हवा कोरडी झाल्यावर ओले रेशीम पंखावर पसरले, वाळून ताठ झाल्यावर डोपचे पाच हात दिले. त्या वासाने काकू दोन दिवस शेजारी जाऊन बसल्या.

डिसेंबरच्या अखेरच्या एका रविवारी, उत्तरायणाच्या पतंगांनी आकाश भरून जाण्यापूर्वी, आम्ही पुन्हा त्याच शेतात गेलो. मांजा पंखाच्या कडेत रुतला, तर विमान वाचत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत अशा प्रतिरूप विमानांचाही विचार केलेला आहे. ती डोळ्यांना दिसतील एवढ्याच अंतरात उडवावयाची असतात आणि आकाशाचे तांबडे, पिवळे व हिरवे असे विभाग नकाशावर पाहून घ्यावे लागतात. विमानतळाच्या परिघापासून आठ किलोमीटरच्या आतील आकाश पिवळ्यात येते. आमचे शेत त्याच्या बरेच बाहेर आहे. ट्रान्समीटरची शक्ती कमी करून तीस पावलांवरून सर्व्हो फिरतात की नाही ते पाहिले. मग काकांनी विमान मागितले. दोन बोटे तांबड्या खुणेखाली धरून त्यांनी ते उचलले. बोटे कापत होती, पण विमान त्यांवर आडवे स्थिर राहिले, नाक किंचित खाली.

ते उडाले. मी कांडी सोडली तरी आपल्या आपण सरळ जात राहिले. दोन फेऱ्या झाल्यावर मी ट्रान्समीटर काकांसमोर धरला. ते नको म्हणाले. हात असा असताना विमान थरथरेल, ही त्यांची भीती खरी होती. त्यावर मी आदल्या रात्री एक उपाय करून ठेवला होता. नव्या ट्रान्समीटरमध्ये एक्स्पो नावाची सोय असते. कांडी मध्याच्या आसपास हलली, तर सर्व्हो फारच थोडा हलतो. ती दूरवर ढकलली, तरच पूर्ण फिरतो. मी ती पन्नास टक्क्यांवर ठेवली होती. कांपणाऱ्या अंगठ्याची हालचाल कांडीपर्यंत पोहोचत होती, शेपटीपर्यंत ती नावापुरतीच जात होती.

काकांनी ट्रान्समीटर गळ्यात अडकवून घेतला. विमान शेताच्या पलीकडच्या टोकाला गेले, डावीकडे कलले आणि संथ, रुंद वळण घेऊन आमच्याकडे परत आले. मग आणखी एक वळण, आणि आणखी एक. चौथ्या मिनिटाला मी बॅटरीची आठवण करून दिली, तेव्हा "अजून एक," म्हणाले. उतरविण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले. मी ते जरा जोरातच टेकविले.

ते जवळ जाऊन वाकून पाहत होते. "चाकाची तार वाकली," ते म्हणाले. "येताना तीन मिलिमीटरची घेऊन ये. अडीचची नको."